शून्य अधिक शून्य

वॉर्डात शुगरच्या रुग्णांसाठी जो तक्ता चार्टला टाचलेला असतो, त्याची पहिली ओळ बहुतेक ठिकाणी सारखीच असते. शुगर १५० च्या आत, इन्सुलिन ० युनिट. पुढे १५१ ते २०० ला २ युनिट, २०१ ते २५० ला ४, २५१ ते ३०० ला ६, असं ते चढत जातं. खालचे आकडे डॉक्टरागणिक थोडेफार बदलतात. पहिल्या ओळीतलं शून्य सहसा बदलत नाही. वॉर्डातले सगळे या तक्त्याला स्लायडिंग स्केल म्हणतात.

ज्याच्या स्वादुपिंडातून थोडं का होईना इन्सुलिन पाझरतं, त्याला हे शून्य एखादी रात्र चालून जातं. टाइप १ मधुमेह असलेल्या माणसाच्या शरीरात मात्र स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ शून्य असतं. तक्त्यातलं शून्य आणि शरीरातलं शून्य मिळवलं की उत्तर शून्यच येतं. असा रुग्ण रात्री दहा वाजता १४२ शुगर घेऊन झोपतो. सिस्टर तक्ता पाहते, इंजेक्शन देत नाही, चार्टवर सही करते. पहाटे शुगर ३०० च्या घरात गेलेली असते, मळमळ सुरू झालेली असते, आणि नियम कोणीच मोडलेला नसतो. तक्ता तंतोतंत पाळूनच हे घडतं, म्हणून या शून्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

आधी प्रमाण पाहू. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१,०७,१८७ होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के निघालं, शहरात १०.९ आणि खेड्यात ६.५. लोकसंख्येतले साठ टक्के प्रौढ धरले, तर एकट्या नाशिक जिल्ह्यात त्या वेळीच तीन लाखांच्या आसपास मधुमेही होते. पुढे २०२३ मध्ये याच अभ्यासाने देशाचा आकडा ११.४ टक्के, म्हणजे १०.१ कोटी माणसं, असा सांगितला. तेव्हा तीन लाख हा जुना आणि कमी आकडा समजावा.

आता दुसरी बाजू. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अ‍ॅटलासनुसार वीस वर्षांखालची टाइप १ असलेली २,२९,४०० मुलं भारतात होती. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा हा आकडा मोठा. देशाच्या लोकसंख्येत नाशिक जिल्ह्याचा वाटा अर्ध्या टक्क्याचा, त्या हिशेबाने जिल्ह्यात अशी साधारण साडेअकराशे मुलं असावीत. हा माझा ढोबळ गुणाकार आहे, मोजणी नव्हे. वीस वर्षांपुढचे टाइप १ रुग्ण धरून ही संख्या दुप्पट-तिप्पट केली, तरी दर शंभर मधुमेहींमागे एखाद्याचंच गणित बसतं.

माझ्या मते अडचणीचं मूळ या शंभरास एकमध्ये आहे. वॉर्डातल्या सवयी शंभरांवर घडतात. त्या शंभरांना शुगर नियंत्रणासाठी इन्सुलिन लागतं आणि एकाला जगण्यासाठी लागतं. केसपेपरवर मात्र दोघांच्याही नावापुढे ‘डायबेटिक’ एवढंच लिहिलेलं असतं. या एकाच्या रांगेत आणखीही काही लोक उभे आहेत: स्वादुपिंडाच्या जुनाट आजाराने ज्यांच्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी संपल्या ते, शस्त्रक्रियेत ज्यांचं स्वादुपिंड काढावं लागलं ते, आणि टाइप २ मध्ये वर्षानुवर्षं काढून ज्यांचं स्वतःचं इन्सुलिन आटत आलं ते. टाइप १ म्हणजे लहान मुलांचा आजार अशी समजूत पक्की असल्यामुळे चाळिशीतला टाइप १ रुग्ण सरळ शंभरांच्या रांगेत ढकलला जातो.

इन्सुलिन बंद झाल्यावर शरीरात नेमकं काय होतं हे समजलं, की शून्य इतकं महाग का पडतं ते कळतं. जेवण नसलं तरी यकृत रात्रंदिवस रक्तात साखर सोडत असतं. त्या साखरेवर आणि चरबीच्या साठ्यांवर इन्सुलिनचा लगाम असतो. लगाम सुटला की यकृत साखर ओतत राहतं, चरबी वितळते आणि तिच्यापासून केटोन नावाची आम्लं बनतात. शिरेतून दिलेलं साधं इन्सुलिन काही मिनिटांतच रक्तातून नाहीसं होतं. त्वचेखालचं सहा ते आठ तास टिकतं, दीर्घ परिणामाचं ग्लार्जिन साधारण चोवीस तास. शेवटच्या इंजेक्शनचा असर सरला की काही तासांत केटोन वाढू लागतात, आणि दिवसभरात माणूस डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीत ‘डीकेए’मध्ये, जाऊ शकतो. त्याची पहिली लक्षणं मळमळ, उलटी आणि पोटदुखी.

इथेच सापळा आहे. रुग्णाला उलट्या होतात, तो जेवत नाही. जेवत नाही म्हणून इन्सुलिन थांबवलं जातं. इन्सुलिन थांबल्यामुळे उलट्या आणखी वाढतात. ‘काही खाल्लं नाही, मग इंजेक्शन कशाला?’ हा प्रश्न घरची माणसं विचारतात, आणि तो त्यांच्या काळजीतूनच येतो. शुगर एकदम उतरेल ही भीती खोटी नाही. पण जेवणासाठीचं इन्सुलिन वेगळं आणि यकृताला लगाम घालणारं मूळ इन्सुलिन वेगळं. पहिलं ताटाशी बांधलेलं आहे, दुसरं श्वासाशी. या दुसऱ्याला वॉर्डात ‘बेसल’ म्हणतात.

अशा चुकांची मोजदाद इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं झाली आहे. तिथे ठराविक दिवशी देशभरच्या रुग्णालयांत जाऊन मधुमेही रुग्णांचे चार्ट तपासले जात. २०१७ च्या पाहणीत रुग्णालयातल्या सुमारे १८ टक्के खाटांवर मधुमेही होते. त्यांच्यापैकी जवळपास एक तृतीयांश लोकांच्या चार्टमध्ये औषधाची किमान एक चूक सापडली. टाइप १ च्या दर पंचविसांतल्या साधारण एकाला रुग्णालयात दाखल असतानाच डीकेए झाला होता, इन्सुलिन कमी पडल्यामुळे. आला होता दुसऱ्याच कशासाठी. ज्या देशात उपचार मोफत आणि परिचारिका पुरेशा मानल्या जातात, तिथली ही स्थिती. आपल्याकडे एका सिस्टरकडे रात्रपाळीला किती खाटा असतात हे नाशिकच्या कुठल्याही जनरल वॉर्डात एक रात्र बसून पाहावं. तेवढ्या खाटांना एकच तक्ता लावण्याचा मोह का होतो ते मग सांगावं लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा निफाड तालुक्यातली एक तरुणी आहे, वजन ५० किलो, बारा वर्षांपासून टाइप १. घरी ती दिवसाला ३६ युनिट घेते: रात्री नऊला ग्लार्जिन १८, आणि तीन जेवणांआधी ६-६-६. पित्ताशयातल्या खड्यांसाठी तिला ऑपरेशनला दाखल केलं. आदल्या रात्री बारापासून तोंडाने काही घ्यायचं नाही.

हिशेब असा बसतो. ताट नाही, म्हणून सकाळचे ६ युनिट नाहीत. बेसल मात्र राहणार. मार्गदर्शक तत्त्वांनुसार दीर्घ परिणामाच्या इन्सुलिनचा नेहमीच्या ७५ ते ८० टक्के डोस द्यावा. १८ चे ८० टक्के म्हणजे १४. हे १४ युनिट रात्री नऊला गेलेच पाहिजेत. उपाशी असेपर्यंत दर दोन ते चार तासांनी शुगर, आणि शस्त्रक्रियेच्या आगेमागे ती १०० ते १८० मध्ये राखायची. वाढली तर दुरुस्तीचा डोस. दिवसाला ३६ युनिट घेणाऱ्या माणसाची शुगर १ युनिटने साधारण ५० ने उतरते. १८०० ला रोजच्या एकूण युनिटांनी भागलं की हा अंदाज मिळतो. शुगर २५० आणि लक्ष्य १५०, तर २ युनिट. तक्ता २५० ला ४ सांगतो, म्हणजे दुप्पट. तोच तक्ता ९० किलोच्या आणि रोज ९० युनिट घेणाऱ्या माणसालाही ४ च सांगतो, आणि त्याला हव्या असलेल्या ५ युनिटांपेक्षा ते कमी पडतात. तक्त्याला रुग्णाचं वजन ठाऊक नसतं, रोजचा डोस ठाऊक नसतो, जेवला की नाही तेही ठाऊक नसतं.

खेड्यापाड्यांतल्या रुग्णांचं आणखी अवघड होतं, कारण त्यांच्यातले कितीतरी जण ३०/७० चं मिश्रण सकाळ-संध्याकाळ घेतात. कुपी स्वस्त, इंजेक्शनं दोनच. मिश्रणात ३० टक्के साधं आणि ७० टक्के मध्यम परिणामाचं एनपीएच. सकाळचे २० युनिट म्हणजे ६ साधं आणि १४ एनपीएच. उपाशी रुग्णाला ६ नकोत, पण १४ पूर्ण बंद करूनही चालत नाही. सर्वसाधारण नियम एनपीएचचा निम्मा डोस द्यावा असा आहे, म्हणजे ७. कुपीत मात्र दोन्ही एकत्र मिसळलेली. त्यातलं एकच उपसून काढता येत नाही, म्हणून एनपीएचची वेगळी कुपी मागवावी लागते. ती हाताशी नसली की रात्री अकरा वाजता सर्वांत सोपा पर्याय उरतो: आज इन्सुलिन नको.

स्लायडिंग स्केल आला कुठून? १९३० च्या दशकात लघवीतली साखर पाहून इन्सुलिन ठरवण्याची रीत पडली, तिचाच हा वारस. तेव्हा हाताशी दुसरं मोजमाप नव्हतं. आज आहे, आणि तक्ता व बेसल या दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलनाही झाली आहे. २००७ मध्ये अमेरिकेत १३० रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. निम्म्यांना बेसल आणि जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं, निम्म्यांना फक्त स्लायडिंग स्केल. शुगर १४० च्या खाली आणण्याचं लक्ष्य पहिल्या गटात ६६ टक्क्यांना साधलं, दुसऱ्यात ३८ टक्क्यांना. २०११ मध्ये शस्त्रक्रियेच्या २११ रुग्णांवर तोच प्रयोग झाला. जखमेतला संसर्ग, न्यूमोनिया, मूत्रपिंड निकामी होणं अशा गुंतागुंती तक्त्याच्या गटात २४.३ टक्के आणि बेसलच्या गटात ८.६ टक्के निघाल्या. हे सगळे रुग्ण टाइप २ चे होते. शरीरात थोडं तरी इन्सुलिन शिल्लक असलेल्यांचीही तक्त्याने इतकी हानी केली, तर शून्यवाल्यांचं काय होत असेल याचा अंदाज बांधता येतो.

तक्त्याचा दुसरा दोष घड्याळाचा. साध्या इन्सुलिनचा जोर दोन ते चार तासांनी शिगेला जातो आणि असर सहा ते आठ तास राहतो. दर दोन तासांनी शुगर पाहून दर वेळी डोस दिला, तर पहिला डोस कामाला लागण्याआधी दुसरा आणि तिसरा त्याच्यावर रचले जातात. मध्यरात्री २८०, २६०, २५५ पाहून दिलेली तीन इंजेक्शनं पहाटे एकदम कामाला लागतात. मग रुग्ण घामाघूम, शुगर ४८.

४० की १००

आता एक अशी चूक जी कुठल्याही परदेशी पुस्तकात नीट सापडत नाही, कारण ती मुख्यतः आपल्या कुप्यांची आहे.

भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. साधं, एनपीएच आणि ३०/७० च्या नेहमीच्या कुप्या १ मिलिलिटरला ४० युनिटच्या. १० मिलिलिटरच्या कुपीत ४०० युनिट. पेनची कार्ट्रिज मात्र १ मिलिलिटरला १०० युनिटची, ३ मिलिलिटरमध्ये ३००. ग्लार्जिनच्या कुप्याही १०० च्याच. सिरिंजही त्यामुळे दोन: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. ट्यूबलाइटच्या उजेडात, रात्री दोन वाजता, लाल आणि नारिंगी यांत फारसं अंतर उरत नाही.

आपल्या तरुणीला ग्लार्जिन १८ युनिट द्यायचं आहे. १०० च्या कुपीतून १८ युनिट म्हणजे ०.१८ मिलिलिटर. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १८ च्या रेषेपर्यंत ओढलं, तर येतं ०.४५ मिलिलिटर आणि जातात ४५ युनिट. अडीचपट. उलट घडलं, म्हणजे ४० च्या कुपीतलं इन्सुलिन नारिंगी सिरिंजने १८ पर्यंत ओढलं, तर जातात फक्त ७.२ युनिट. पहिल्या चुकीने रुग्ण बेशुद्ध पडू शकतो, दुसरीने दोन दिवसांत डीकेएकडे सरकतो. दोन्ही वेळा चार्टवर ‘१८ युनिट दिले’ असंच लिहिलेलं असतं, आणि लिहिणारा खोटं बोलत नसतो.

अडीचपट म्हणजे किती, हे रक्ताच्या मापात पाहावं. ५० किलोच्या माणसाच्या शरीरात साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं. शुगर १०० असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून साडेतीन ग्रॅम साखर. चहाचा एक चमचाही भरत नाही. एवढ्याशा साखरेवर मेंदू चालतो. २७ जादा युनिट त्या पाऊण चमच्यावर तुटून पडतात.

पेन बिघडलं किंवा सुई संपली, की कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून इन्सुलिन ओढण्याची युक्ती बऱ्याच वॉर्डांत दिसते. ती करू नये, कारण हाताला लागलेली सिरिंज लाल टोपणाची असण्याचीच शक्यता जास्त. एकाचं पेन दुसऱ्याला, सुई बदलूनही, वापरू नये. टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश उलटा कार्ट्रिजमध्ये जाऊ शकतो. आणि चार्टवर युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ लिहू नये. घाईत लिहिलेला ‘१० यू’ शंभर वाचला गेल्याच्या घटनांमुळे जगभर ही सूचना दिली जाते. मराठीत ‘युनिट’ लिहायला तीन अक्षरं लागतात. लिहावीत.

किती खाली आणायची

अतिदक्षता विभागात शुगर किती असावी यावर वैद्यकाने एक मोठं वळण घेतलं आहे. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन इथे १,५४८ रुग्णांवर प्रयोग झाला. शुगर ८० ते ११० मध्ये घट्ट धरल्यावर अतिदक्षतेतला मृत्युदर ८ टक्क्यांवरून ४.६ वर आला. जगभर लोक शुगर घट्ट आवळू लागले. मग २००९ मध्ये नाइस-शुगर नावाच्या ६,१०४ रुग्णांच्या अभ्यासाने उलट चित्र दाखवलं. घट्ट नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले, १८० पर्यंत सैल सोडलेल्या गटात २४.९ टक्के. शुगर ४० किंवा त्याखाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के. तेव्हापासून बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० ही पट्टी ठरली आहे.

म्हणून वॉर्डात १७० शुगर पाहून नातेवाइकांनी घाबरू नये, आणि ११० पाहून डॉक्टरांनी खूश होऊन बेसल थांबवू नये. दुसरी गोष्ट मी पहिलीपेक्षा जास्त जोर देऊन सांगेन. ११० हा आकडा बेसल चालू असल्यामुळे आला आहे.

डीकेएच्या उपचारातही हेच सूत्र आहे. शिरेतून इन्सुलिन ताशी ०.१ युनिट प्रति किलो. ५० किलोला ताशी ५ युनिट. ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट साधं इन्सुलिन मिसळलं की १ मिलिलिटर म्हणजे १ युनिट, हिशेब सोपा होतो. त्याआधी पोटॅशियम पाहायचं. ते ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, मग इन्सुलिन, नाहीतर हृदयाचे ठोके बिघडतात. शुगर २५० पर्यंत उतरली की इन्सुलिन थांबवण्याचा मोह होतो, आणि तिथे थांबवायचं नसतं. डोस ताशी ०.०५ पर्यंत उतरवायचा, सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज जोडायचं, पण इन्सुलिन चालू ठेवायचं, कारण केटोन अजून गेलेले नसतात. शुगर हा धूर आहे, विझवायची आहे ती आम्लाची आग. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने डीकेएच्या व्याख्येतला शुगरचा उंबरठा २५० वरून २०० वर आणला आणि आधीपासून मधुमेह असलेल्याला तर शुगर कितीही असली तरी हे निदान लागू केलं, ते याच कारणाने. शेवटी ड्रिप काढायची वेळ येते तेव्हा त्वचेखालचं बेसल ड्रिप काढण्याच्या एक-दोन तास आधी द्यायचं. ड्रिप दुपारी बाराला काढली आणि बेसल ‘रात्री नेहमीच्या वेळी’ म्हणून ठेवलं, तर मधले नऊ तास पुन्हा शून्याचे.

बोटावरची द्राक्षं

या सगळ्या हिशेबाची सुरुवात बोटातल्या एका थेंबापासून होते, आणि तो थेंब खोटं सांगू शकतो. ग्लुकोमीटरच्या मानकात १०० च्या वरच्या शुगरला १५ टक्के इकडे-तिकडे मान्य आहे. २०० दाखवलं तर खरी शुगर १७० ते २३० मध्ये कुठेही असेल. एवढं धरून चालता येतं. पण २०११ मध्ये जपानी संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना संत्रं, द्राक्ष आणि किवी सोलायला लावलं आणि हात न धुता बोटातून शुगर तपासली. आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसलं तरीही वरच राहिले. साध्या पाण्याने हात धुतल्यावर ठीक आले.

नाशिकला याहून महत्त्वाची सूचना कोणती असेल? जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम. भेटायला येणारा प्रत्येकजण पिशवीत घड आणतो. ज्याला खायला मनाई तो शेजारच्याला सोलून देतो. तासाभराने त्याच बोटातून थेंब काढला जातो, मीटर ३४० दाखवतं, आणि तक्ता ८ युनिट सांगतो. सिस्टरचा बोळा आपलं काम चोख करतो, जंतू मारतो. साखर मात्र बोटावर राहते. खाटेशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला तर ही चूक होणार नाही.

जेवणाची वेळ हाही असाच साधा वाटणारा आणि जिवावर बेतणारा विषय. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं. वॉर्डात सिस्टर साडेबाराला फेरी करते, जेवणाची गाडी कधी साडेबाराला तर कधी सव्वाला येते. घरचा डबा सिडकोहून किंवा सिन्नरहून येणार असतो आणि द्वारकेच्या चौकात अडकतो. इंजेक्शन वेळेवर, भाकरी उशिरा. चतुर्थी असेल तर भाकरीच नसते. उपवास आहे हे रुग्ण सांगत नाही, डॉक्टर विचारत नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी येते आणि कोरड्या साबुदाण्यात शंभर ग्रॅममागे ८७ ग्रॅमच्या आसपास नुसती कर्बोदकं. सकाळी उपाशी इंजेक्शनाने शुगर तळाला, दुपारी खिचडीने आकाशाला. उपवास करू नका असं मी म्हणणार नाही. पण तो सकाळच्या फेरीआधी सांगावा.

शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत असला, तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातला स्निग्धांश साखर रक्तात उतरायला वेळ लावतो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, शिरेतून डेक्स्ट्रोज. इथेही मोजावं लागतं. २५ टक्के डेक्स्ट्रोजच्या १०० मिलिलिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते, पण २५ मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये सव्वासहा ग्रॅमच. ‘एक डी-२५ दिलं’ या वाक्यातून किती साखर गेली ते कळत नाही. माणूस जागा होतो, सगळे सुस्कारा सोडतात, आणि तासाभरात तो पुन्हा घसरतो. मग घाबरून रात्रीचं बेसल रद्द होतं. शुगर उतरली म्हणून डोस कमी करावा, हे बरोबर. शून्य करू नये.

२०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेने वाढलेल्या शुगरची किंमतही दाखवली. स्टेरॉइडने शुगर चढते हे पुस्तकात होतंच. त्या वर्षी देशभरातल्या म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, २,८२६ रुग्णांची नोंद तपासली गेली. त्यांतले ७८ टक्के मधुमेही होते आणि ८७ टक्क्यांनी स्टेरॉइड घेतलं होतं. त्या रुग्णांत गुजरातखालोखाल महाराष्ट्र होता. काही जणांचे डोळे काढावे लागले. नाशिकमध्ये ज्यांनी ते वॉर्ड पाहिले, त्यांना आकडे सांगायची गरज नाही.

पहिलं इन्सुलिनसुद्धा एका रुग्णालयाच्या खाटेवरच दिलं गेलं होतं. ११ जानेवारी १९२२, टोरांटो, लिओनार्ड थॉम्पसन, वय १४. पहिलं इंजेक्शन अशुद्ध निघालं, विशेष उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला शुद्ध केलेलं दिलं आणि एका दिवसात शुगर ५२० वरून १२० वर आली. तो आणखी तेरा वर्षं जगला. त्याआधी या आजाराची मुलं उपासमारीच्या पथ्यावर महिने मोजत असत. शंभर वर्षांनंतर ग्लार्जिन २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आलं आहे. औषध सापडलं, यादीत आलं, फ्रिजमध्ये आलं. फ्रिजपासून खाटेपर्यंतचं वीस पावलांचं अंतर तेवढं राहिलं आहे. राज्यभरातले कितीतरी डॉक्टर आणि परिचारिका ज्या विद्यापीठाची परीक्षा देऊन बाहेर पडतात, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच, दिंडोरी रस्त्यावर आहे. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० च्या कुपीतलं १८ ओढलं तर किती जातं, हा एक प्रश्न तिथल्या प्रत्येक प्रात्यक्षिक परीक्षेत सक्तीचा करायला खर्च काहीच नाही.

घरी सोडतानाही याच आकड्यांची काळजी लागते. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावर जाणाऱ्या रुग्णाकडे फ्रिज असेलच असं नाही. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत राहावी, उघडलेली साधारण चार आठवडे सावलीत, गारव्यात चालते. माठाच्या आत छोटं गाडगं ठेवून त्यात कुपी ठेवली, तर वैशाखातही तिचा निभाव लागतो. बर्फावर ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. वॉर्डात पेन वापरलं आणि घरी कुपी दिली, तर सिरिंज कुठल्या रंगाची घ्यायची हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिलेलं असावं.

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे. लाखो माणसं रामकुंडावर आणि त्र्यंबकला येतील. चालून थकलेली, उपाशी, उन्हात तापलेली पिशवी खांद्याला. त्यांच्यात काही शून्यवाले असतील. त्यांतला एखादा चक्कर येऊन पडेल आणि जिल्हा रुग्णालयात अशा डॉक्टरांपुढे आणला जाईल, ज्यांना त्याची भाषाही कळणार नाही. त्या डॉक्टरांना उपयोगी पडेल ती खिशातली एक चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली: टाइप १. वजन ५०. बेसल १८ युनिट, रात्री ९. कुपी १०० ची, सिरिंज नारिंगी. शुद्ध नसली तरी इन्सुलिन बंद ठेवू नये.